शेजारच्या वस्तीला काय हवंय, हे कोणी आणि कसं ठरवायचं?

पर्वतीची पायरी

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यात सहकारनगरच्या बाजूला राहतो. चार सोसायट्यांचं मिळून एक गणेश मंडळ आहे. गेल्या गणपतीत रोषणाई आणि डीजे दोन्हीला फाटा दिला आणि वाचलेली रक्कम ओढ्यापलीकडच्या वस्तीसाठी वापरायची असं ठरलं. पैसे फार नाहीत, पण एखादं काम नीट उभं राहील इतके आहेत.

ही वस्ती आम्हाला परकी नाही. आमच्याकडे धुण्याभांड्याला, स्वयंपाकाला येणाऱ्या बऱ्याच जणी, इस्त्रीवाले, रिक्षावाले, रात्रपाळीचे वॉचमन तिथलेच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा आमच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या आणि त्यांच्या घरांत छातीभर पाणी शिरलं. गाड्यांचा विमा मिळाला. त्यांचं धान्य, भांडी, मुलांची पुस्तकं, कागदपत्रं गेली ती गेलीच.

पैसे कशावर खर्च करायचे, यावर बैठकीत भराभर सूचना आल्या. मुलांना टॅब, दप्तरं, शिलाई मशीन, संगणक कक्ष, ब्लँकेट. एकही सूचना वाईट नाही, पण सगळ्या ओढ्याच्या अलीकडच्या. म्हणून मी आधी वस्तीत जाऊन विचारू या असा आग्रह धरला, आणि ते काम माझ्याच गळ्यात पडलं, जे मला मनापासून हवंच होतं.

आता खरा प्रश्न. विचारायचं कसं? नुसतं ‘काय हवंय?’ म्हटलं, तर हा माणूस काय देऊ शकेल याचा अंदाज बांधून समोरचा उत्तर देतो. आमच्याकडच्या मावशी म्हणाल्या, "ताई, तुम्ही द्याल ते चांगलंच असेल." ज्यांच्या घरून पगार येतो त्यांना कोण दुसरं काय सांगणार? त्यामुळे हवं-नको न विचारता दिवस कसा जातो, महिना कसा निघतो, तो कुठे अडतो, हे विचारावं असं माझं मत आहे.

दुसरी अडचण, ‘अल्प उत्पन्न’ म्हणजे किती? शहरात रेशनच्या प्राधान्य गटात बसायला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५९,००० रुपयांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. संजय गांधी निराधार योजनेला २१,०००. खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी दुर्बल घटकाला १ लाख. लाडकी बहीण योजनेला अडीच लाख. चार घरची भांडी घासणारी बाई एका कचेरीत गरीब ठरते आणि दुसऱ्या कचेरीत नाही.

तुमच्यापैकी कोणी असं काम केलंय का? घरोघरी जावं की बैठक घ्यावी? कोणी जावं, किती वाजता? काय लिहून घ्यावं, काय मुळीच घेऊ नये?

हिशेबी माणूस

हेतू चांगला आहे, पण मला यात वेळ जाण्याची भीती वाटते. मंडळाचा पैसा पुढच्या वर्षीच्या गणपतीआधी खर्च व्हायला हवा, नाहीतर लोकांचा उत्साह ओसरतो. जनगणना आहे, सामाजिक-आर्थिक पाहणी आहे, रेशनची यादी आहे, मतदारयादी आहे. सरकारकडे सगळी माहिती असताना पुन्हा घरोघर फिरायचं कशाला? गरज डोळ्यांनी दिसतेच. वीस मुलांची वर्षभराची फी भरा. ज्याची फी भरली त्याचं तरी नक्की भलं होईल.

पर्वतीची पायरी

@हिशेबी माणूस, वेळेचा मुद्दा मान्य, मुदत घालूनच काम करू. पण सरकारी माहितीवर भिस्त ठेवता येणार नाही. शेवटची जनगणना २०११ ची, सामाजिक-आर्थिक जातनिहाय पाहणीही तेव्हाचीच. २०२१ ची जनगणना झालीच नाही, ती आता २०२७ मध्ये. मधल्या काळात पूर येऊन गेला, काठावरच्या कितीतरी घरांची उलथापालथ झाली. आणि वीस मुलं निवडायची कोणी? तिथे पुन्हा तुमच्या-माझ्या ओळखीच्या बाईची मुलंच येणार.

डेक्कनचा वाचक

धागा वाचून आनंद झाला, कारण हा प्रश्न पुण्याचा जुना आहे. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली इथल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३० च्या दशकातच या शहराची घरोघर फिरून आर्थिक पाहणी केली होती. त्याच संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च म्हणजे दारिद्र्याची रेषा, अशी मांडणी केली.

रेषा कुठे ओढता यावर केवढं अवलंबून असतं पाहा. गरिबी मोजण्यासाठी नेमलेल्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साली शहरात माणशी महिना सुमारे १,००० रुपये ही रेषा होती आणि देशात सुमारे २७ कोटी गरीब. रंगराजन समितीने ती रेषा १,४०७ वर नेली आणि गरीब झाले सुमारे ३६ कोटी. रेषा थोडी वर सरकली आणि नऊ कोटी माणसं वाढली! त्यामुळे उत्पन्नाचा आकडा हा तुमच्या पाहणीचा पाया करू नका. रोजंदारीवरच्या माणसाला स्वतःचं वार्षिक उत्पन्न सांगता येत नाही. पावसाळ्यात बिगाऱ्याला काम नसतं, दिवाळीत रंगाऱ्याला उसंत नसते. खर्च विचारा. किराणा, भाडं, औषध, हप्ता. बाया तो पैशापैशाने सांगतात.

ओढ्याकाठचा

मी अशाच एका वस्तीत वाढलो. आता नोकरीमुळे हिंजवडीला, पण आई-वडील तिथेच आहेत. जरा सविस्तर लिहितो, कारण आम्ही कायम दाराच्या आतल्या बाजूने सर्व्हे पाहिलाय.

लहानपणापासून दर थोड्या दिवसांनी कोणीतरी कागद घेऊन यायचं. कॉलेजची पोरं, संस्थेच्या ताई, महापालिकेचे लोक, बिल्डरची माणसं. दारावर ऑइलपेंटने नंबर पडायचे, एकावर एक. नाव, जात, माणसं किती, संडास कुठे, टीव्ही आहे का. आई कामावरून येऊन चहाचं आधण बाजूला ठेवून उत्तरं द्यायची. त्या कागदांचं पुढे काय झालं, हे सांगायला एकही माणूस परत आला नाही. म्हणून पहिली विनंती, परत येणार असाल तरच जा.

दुसरं म्हणजे, वस्तीत सर्व्हे म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. सर्व्हे म्हणजे एसआरए, झोपडपट्टी पुनर्वसन, सर्व्हे म्हणजे पात्र-अपात्रची यादी. १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा असला तर घर, नाहीतर भानगड, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली वस्ती घोषित आहे की अघोषित, यावर नळ, ड्रेनेज, फोटोपास (झोपडीधारकाचं ओळखपत्र) सगळं अडतं. त्यामुळे विचारणारा कोण आहे हे बघून उत्तर बदलतं. घर देणाऱ्या योजनेचा माणूस आहे असं वाटलं तर एका खोलीत दोन चुली सांगतील, कारण दोन कुटुंबं धरली तर दोन घरं मिळतील. रेशनचा वाटला तर कमाई कमी सांगतील. याला खोटेपणा म्हणू नका. आमचं छप्पर त्या उत्तरावर टिकून असतं.

पुराच्या रात्री आईने आधी उचलली ती प्लास्टिकची पिशवी. त्यात १९९८ चं लाइटबिल, जुनं मतदार ओळखपत्र आणि रेशनकार्ड. गॅसची शेगडी वाहून गेली, पिशवी राहिली. शेजारच्या काकूंची राहिली नाही. त्यांना विचारा कशाची गरज आहे, त्या टॅब सांगणार नाहीत.

कसं जायचं? वस्तीतलाच माणूस पुढे हवा, आणि एखाद्या पक्षाचा किंवा फक्त मंडळाचा कार्यकर्ता नको. रात्री आठनंतर किंवा रविवारी दुपारी जा. पहिल्या वाक्यात सांगा की घर पाडण्याशी किंवा देण्याशी याचा काहीही संबंध नाही. पैसे किती आहेत तेही सांगा. लोकांना अंधारात ठेवलं की अपेक्षा दहापट वाढतात. आणि बायकांची बैठक वेगळी घ्या. पुरुष असले की त्या फक्त मान हलवतात.

खडूफळा

ओढ्याकाठचा, तुमचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं.

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. हजेरीपत्रक हाही गरजेचा एक कागद आहे, तो जरूर पाहा. माझ्या वर्गात सहावीतल्या काही मुली ठरावीक दिवशी येत नाहीत. खोदून विचारलं तेव्हा कळलं, आई ज्या दिवशी जास्तीचं काम धरते त्या दिवशी धाकट्या भावाला सांभाळायला मुलगी घरी राहते. दप्तर आहे, वह्या आहेत, फी तर आमच्याकडे नाहीच. तरी ती शाळेत नाही. तिच्या शिक्षणाची गरज शाळेच्या बाहेर आहे.

वॉर्डातली ताई

मी आशा म्हणून काम करते, शहरातच. गणना आमच्या अंगवळणी पडलेली आहे, म्हणून कोण सुटतं ते सांगते.

पहिले सुटतात भाडेकरू. वस्तीत घरमालक खाली आणि वर पत्र्याच्या खोलीत भाडेकरू, लोखंडी जिन्याने जायचं. लोक खालच्या दारात विचारून पुढे जातात. वरच्या खोलीत नांदेडचं, कलबुर्गीचं, बिहारचं कुटुंब असतं. रेशनकार्ड गावाकडे, गावाला सासू-सासरे त्यावर धान्य घेतात. एक देश एक रेशनकार्डमुळे इथेही धान्य उचलता येतं, पण गावच्यांचं आणि यांचं नाव एकाच कार्डावर असलं की इथे किती उचलायचं, तिथे किती ठेवायचं, हे कुणी समजावून सांगत नाही. मालकासमोर ते बोलतही नाहीत.

मग एकट्या बाया. नवरा सोडून गेलेला, पण कागदावर आहे. विधवा असती तर निराधारचा अर्ज भरता आला असता. सोडलेलीला काय पुरावा जोडायचा तेच उमगत नाही. अंथरुणावरचे म्हातारे दारात येत नाहीत. अपंग मूल असलं तर कधी कधी आतल्या बाजूला ठेवतात, ते मोजलंच जात नाही, त्याचा दाखला निघत नाही.

प्रश्न विचारताना ‘घरात कोणी आजारी आहे का?’ असं विचारू नका. ‘नाही’ म्हणतात. ‘रोजची गोळी कोणाला चालू आहे? मागच्या महिन्यात मध्येच संपली होती का?’ असं विचारा. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या दिवसाआड खाणारी माणसं तुम्हाला दर चार घरांत भेटतील. टीबीबद्दल शेजाऱ्यांसमोर अवाक्षरही नको. उपचार चालू असलेल्यांना निक्षय पोषण या सरकारी योजनेचे महिना १,००० रुपये खात्यात येतात, पण शेजारणीला कळेल म्हणून नाव न देणारेही आहेत.

आणि खडूफळाताई म्हणतात ते अगदी खरं. अंगणवाडीत तीन वर्षांपुढची मुलं बसतात, तीही काही तासच. तीनच्या आतलं मूल कुठे ठेवायचं? म्हणून आई दोनच घरची कामं धरते. तुमच्या यादीत याचा प्रश्न असू द्या.

भायखळा लोकल

मुंबईतलं एक उदाहरण इथे सांगायलाच हवं. जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविका येते हे मान्य केलं, पण रीतसर नोटीस देऊन फुटपाथ रिकामे करायची मुभाही महापालिकेला राहिली. भायखळ्याच्या आसपास लोकांचा जीव टांगणीला लागला. त्या वेळी १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेने तिथल्या बायकांना बरोबर घेऊन फुटपाथवरच्या घरांची मोजणी केली. सुमारे ६,००० कुटुंबं. तोवर ही माणसं कोणत्याच यादीत नव्हती, कारण फुटपाथ हा पत्ताच धरला जात नव्हता.

मोजणीतून समजलं की ही माणसं काल-परवा आलेली नाहीत, कित्येक जण वर्षानुवर्षं त्याच जागी आहेत, बहुतेक भूमिहीन, दुष्काळी भागांतून आलेली, आणि कामाला चालत जाता यावं म्हणून फुटपाथवर राहतात. म्हणजे लांब कुठेतरी घर दिलं की प्रश्न सुटला असं होत नाही. पुढे त्याच बायकांमधून ‘महिला मिलन’ उभं राहिलं. त्यांनी बचत सुरू केली, घराचा नकाशा स्वतः आखला, साडी आणि दोरी धरून खोलीची मापं घेतली. नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशनचे जोकिन अर्पुथम यांच्याबरोबर या बायका पुढे दुसऱ्या शहरांत, दुसऱ्या देशांत जाऊन मोजणी शिकवू लागल्या. जोकिनना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मला यातून पुण्याच्या कामासाठी एकच गोष्ट उचलावीशी वाटते. वही वस्तीतल्या बायकांच्या हातात द्या. सोसायटीच्या सुशिक्षित लोकांनी फॉर्म भरून आणला तर ती तुमची माहिती होते. त्यांनी भरला तर ती त्यांची होते, आणि तीच वही घेऊन त्या उद्या वॉर्ड ऑफिसातही जाऊ शकतात.

नकाशेवाला

भायखळा लोकल यांना +१.

माझं काम वस्त्यांचे नकाशे करण्याचं. थोडं तांत्रिक लिहितो. आधारचा नंबर घेऊ नका, आधारचा फोटो तर मुळीच नको. बँकेचा नंबर नको. मुलांचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. घराला तुमचा स्वतःचा साधा क्रमांक द्या आणि नावांची वही वेगळी, उत्तरांची वेगळी ठेवा. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी कर्जाची आणि आजाराची माहिती सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर फिरणं हा त्या घरावर अन्याय आहे.

दुसरं, जे मोजता येतं ते विचारत बसू नका, मोजा. सार्वजनिक संडास आहे ना? स्वच्छ भारतचा निकष ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक सीट असा आहे. वस्तीत सीट किती, त्यातल्या चालू किती, कडी किती दारांना आहे, आत दिवा लागतो का, रात्री कुलूप लागतं का. सकाळी सहा ते आठ तिथे उभं राहून रांग पाहा. रात्री कुलूप असेल तर बायका संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत, आणि त्याचं दुखणं पुढे वॉर्डातली ताईंकडे येतं. नळाचंही तसंच. पाणी किती वाजता येतं, शेवटच्या घरापर्यंत धार पोचते का.

तिसरं, कर्ज. भिशी, बचत गट, सावकार आणि आठवड्याच्या हप्त्याच्या मायक्रोफायनान्स कंपन्या, चारही वेगळे विचारा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार सगळे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या पुढे जाता कामा नयेत. वस्तीत हा नियम कोणालाही ठाऊक नसतो. एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याचं कर्ज काढलेली घरं दिसली, तर त्या घराला शिलाई मशीन देऊन उपयोग नाही, ते मशीन विकावं लागेल.

सांजवेळ

वाचतेय. वाचनखूण साठवली आहे. आमच्या नाशिकच्या महिला मंडळालाही दाखवणार.

कोचीकर

बँकेच्या नोकरीमुळे केरळात आहे. उत्पन्नाच्या आकड्यावाचून गरिबी कशी ओळखावी, याचं उत्तर इथे नव्वदच्या दशकात अलप्पुळा शहरातल्या बायकांच्या गटांनी वापरलंय. नऊ खुणा ठरवल्या. कच्चं घर, संडास नाही, स्वच्छ पाणी नाही, घरात निरक्षर प्रौढ, कमावणारं एकच किंवा तेही नाही, दोन वेळचं जेवण नाही, पाच वर्षांखालचं मूल, दारूचं व्यसन, अनुसूचित जाती-जमातीचं कुटुंब. यातल्या चार खुणा जुळल्या की ते घर जोखमीचं. शेजारणींना शेजारणीचं घर माहीत असतं, त्यामुळे लपवाछपवीला वाव कमी. पुढे १९९८ मध्ये सुरू झालेल्या कुडुंबश्री या केरळ सरकारच्या बायकांच्या गटांच्या मोहिमेतही हीच पद्धत आली.

अलीकडचं म्हणजे, २०२१ पासून राज्याने वॉर्डावॉर्डांत अतिगरीब कुटुंबं शोधली. अन्न, आरोग्य, उत्पन्न, निवारा या चार कसोट्या. ६४,००६ कुटुंबं निघाली आणि प्रत्येक कुटुंबाचा स्वतंत्र आराखडा केला. कुणाला घर, कुणाला नुसतं औषध, कुणाला शिजवलेलं जेवण. सगळ्यात आधी काय दिलं ठाऊक आहे? कागदपत्रं. रेशनकार्ड, आधार. १ नोव्हेंबर २०२५ ला राज्य अतिगरिबीमुक्त झाल्याची घोषणा झाली. त्या दाव्यावर अर्थतज्ज्ञांनी शंका घेतल्या आहेत आणि त्या रास्त आहेत. पण घराघराचा वेगळा विचार करायची पद्धत मला फार मोलाची वाटते.

हिशेबी माणूस

एवढं वाचल्यावर वीस मुलांच्या फीचा आग्रह मी सोडतो. वह्या-पेनांचा खर्च माझ्याकडून. फक्त मुदत पाळा.

पर्वतीची पायरी

मंडळी, बरेच दिवसांनी लिहितेय, कारण सगळा वेळ ओढ्यापलीकडे गेला.

महापालिकेच्या समाज विकास विभागाच्या समूहसंघटिका भेटल्या, त्यांनी बचत गटांतल्या बायकांशी गाठ घालून दिली. त्यातल्या नऊ जणींनी वही हातात घेतली. दोघी वरच्या खोल्यांतल्या भाडेकरू आहेत, हे मुद्दाम पाहिलं. ओढ्याकाठच्या दादांची आई त्यांच्या वस्तीतून एका रविवारी आमच्याकडे आल्या आणि ‘घर पाडायचा सर्व्हे नाही’ हे त्यांनी ज्या ठामपणे सांगितलं, ते आम्हाला सात जन्मात जमलं नसतं.

बायकांची बैठक बुद्धविहारात रात्री नऊला घेतली. कार्डशीटवर चित्रं काढली होती. नळ, संडास, रेशनकार्ड, पाळणा, दवाखाना, टॅब, शिलाई मशीन, गटार. प्रत्येकीला पाच चिंचोके दिले आणि जिथे अडचण मोठी तिथे ठेवा म्हटलं. पहिल्या फेरीत एका कार्यकर्त्याच्या पत्नीने गटारावर पाचही ठेवले, आणि पाठोपाठ जवळजवळ सगळ्यांचे चिंचोके गटारावर. मग वहीवाल्या बायकांनीच उपाय काढला. चित्रांमागे स्टीलचे डबे ठेवले, समोर चादर धरली आणि एकेकीला आत सोडलं. या फेरीत पाळण्याचा डबा सगळ्यात जड झाला. त्याखालोखाल रेशनकार्ड, मग संडास. गटार चौथं. टॅबच्या डब्यात तीन चिंचोके होते, तेही दहावीच्या मुलींच्या आयांचे, आणि त्यांचंही म्हणणं आम्ही लिहून घेतलंय.

पुरुषांच्या बैठकीत समाजमंदिराच्या स्लॅबची मागणी आली. त्यावर बराच वाद झाला. वादात एक वयस्कर गृहस्थ उठून म्हणाले, स्लॅब नगरसेवकाकडून घेऊ, पोरं सांभाळायला नगरसेवक येणार नाही. तिथे तो विषय मिटला.

रेशनकार्डाचं दुखणं मी जवळून पाहिलं. एका बाईच्या कार्डावर सासू, सासरे, नवरा. लग्नाला अकरा वर्षं झाली, तिचं आणि दोन्ही मुलांचं नाव नाही. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला हवा, माहेर सोलापूर जिल्ह्यात, जायचं तर दोन दिवसांचा खाडा आणि दोन घरची कामं जाण्याची भीती. माणशी पाच किलोप्रमाणे तिघांचं पंधरा किलो धान्य दर महिन्याला या एका कागदापायी येत नाही. दुसऱ्या एका मावशींचं नाव आहे, पण ई-केवायसी होत नाही. भांड्यांच्या पावडरने बोटांवरच्या रेषा झिजल्यात, मशीन अंगठा घेत नाही. त्यांनी हात पुढे करून दाखवले. चार घरची भांडी, त्यातलं एक घर माझं.

आता ठरलेलं सांगते. मंडळाचे पैसे तीन वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघराला. खोली वस्तीतच भाड्याने, सकाळी आठ ते दुपारी तीन, सांभाळणाऱ्या दोघी वस्तीतल्याच, पगारी. आयाही थोडी फी देणार, तो आकडा त्यांनी ठरवला. संडासाच्या कड्या आणि दिव्यांसाठी मोजणीची वही जोडून वॉर्ड ऑफिसला अर्ज दिलाय. नागरिकांच्या सहभागातून होणाऱ्या अंदाजपत्रकासाठीही तो देणार आहोत. पुण्यात ही सोय २००६ पासून आहे, सोसायट्या बाकडी आणि पेव्हर ब्लॉक मागतात, या वेळी वस्ती मागेल. वही वस्तीतच राहील, एक प्रत आमच्याकडे, तीही नावं वगळून. पुढच्या रविवारी सगळे आकडे विहारात मोठ्या अक्षरांत लावणार आहोत.

अडलंय ते रेशनकार्डांवर. रेशनच्या परिमंडळ कार्यालयाचं काम आतून माहीत असलेलं कोणी इथे आहे का? वहीत अशी बरीच घरं आहेत. आणि पाळणाघर चालवलेलं कोणी असेल तर दोन दिवस येऊन मुलं सांभाळणाऱ्या आमच्या दोघींना शिकवाल का?

ओढ्याकाठचा

आई त्या दिवसापासून रोज विचारते, पाळणाघर सुरू झालं का. रविवारी आकडे लावायला मी येतो.

वॉर्डातली ताई

पाळणाघराच्या मुलांचं वजन-उंची महिन्याला घ्या, मी तक्ता करून देते. आणि लसीकरणाची कार्डं पहिल्याच दिवशी बघा, पुरात बऱ्याच जणांची गेली असतील. आरोग्य केंद्रात नोंदवहीतून दुसरं कार्ड मिळतं.

जुना पुरवठावाला

मी पुरवठा विभागातून निवृत्त झालो. धागा आज वाचला. नाव कमी केल्याच्या दाखल्यासाठी दर वेळी बाईने स्वतः गावी जायलाच हवं असं नाही. माहेरचं कुणी अर्ज करू शकतं, आणि आता बरंचसं काम ऑनलाइनही होतं. अंगठा न उमटणाऱ्यांचं प्रकरण वेगळं, त्यांचं आधी आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्यावं लागेल. दोन याद्या वेगळ्या करा. एक नाव चढवायची, एक अंगठ्याची. भाडेकरूंची तिसरी, कारण त्यांच्या कार्डाचं गाव कोणतं त्यावर पुढचं ठरेल. विहाराचा पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा. रविवारी आकडे लावून झाले की तिथेच बसून अर्ज भरायला घेऊ. येताना प्रत्येकीला असतील ते कागद आणायला सांगा, भिजलेले, फाटलेलेसुद्धा.